वाचकांचे प्रश्न : आधारपेशींतील विकरे कोणाच्या सांगण्यावरून चालतात?

मागील अंकात या सदरात एका वाचकाने मेंदूतील अमोनियाविषयी विचारले होते. उत्तरात आम्ही असे लिहिले होते की मेंदूतील तारकापेशी या एका जातीच्या आधारपेशींमध्ये, म्हणजेच अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये, ग्लुटामिन सिंथेटेज नावाचे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, म्हणजेच एन्झाइम) असते. ते ग्लुटामेट आणि अमोनिया यांना जोडून निरुपद्रवी असे ग्लुटामिन तयार करते आणि कॉर्टिसोल या संप्रेरकामुळे या विकराचे प्रमाण वाढते. शेवटचा उल्लेख केवळ ओघात आला होता. परंतु बेळगाव, खानापूर, अथणी आणि निपाणी येथून आलेली चार पत्रे नेमकी त्यालाच धरून आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बेळगावात वडगाव भागात राहते आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. आता सर्व विषय इंग्रजीतून आहेत आणि वाचलेले खरोखर समजले की नाही, हे मी घरी मराठीत सांगून पाहते. आमच्या टिपणांत ‘आधारपेशी चेतापेशींना आधार देतात’ एवढेच एका ओळीत आहे. त्यांच्यातील विकरांवर संप्रेरकांचा आणि वृद्धिघटकांचा परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते? विकर वाढते की त्याचा वेग वाढतो? आणि हे कळते कसे? आमच्या घरी यंत्रमाग आहेत. आईला सांगता येईल असे उत्तर मिळाले तर फार बरे होईल.

उत्तर : तुमच्या टिपणांतील ती ओळ फार जुन्या समजुतीतून आली आहे. १८५६ साली रूडॉल्फ विर्शो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने चेतापेशींच्या मधल्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ‘ग्लिया’ या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ चिकट पदार्थ असा आहे. ताण्याच्या सुताला लावतात त्या खळीसारखे काहीतरी चेतापेशींना धरून ठेवते, असा त्या नावामागचा विचार होता. या ‘खळीत’ निरनिराळ्या जातींच्या जिवंत पेशी आहेत हे पुढे स्पष्ट होत गेले. तारकापेशी, चेतातंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन गुंडाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी आणि संरक्षणाचे काम करणाऱ्या मायक्रोग्लिया या त्यांतील मुख्य जाती होत. आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात असे अनेक पुस्तकांत अजूनही छापले जाते, ते मात्र चुकीचे आहे. २००९ साली झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि इतर पेशींची संख्याही जवळजवळ तेवढीच असते.

विकर वाढते की वेग वाढतो, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही घडते आणि त्यांपैकी कोणते घडेल हे निरोप कोणाचा आहे यावर ठरते. विकर म्हणजे माग आणि त्यातून निघणारे द्रव्य म्हणजे कापड, असे आईला सांगा. सणाच्या तोंडावर तातडीची मागणी आली तर घरातले बंद असलेले माग सुरू करता येतात आणि ते काम थोड्या वेळाचे असते. तीच मागणी वर्षभर टिकणार असेल तर नवे माग आणून बसवावे लागतात. त्याला पैसा, जागा आणि वेळ लागतो. पेशीही या दोन्ही वाटा वापरते.

पहिल्या वाटेचे उदाहरण तारकापेशींतील ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचे, आहे. मेंदूतील जवळजवळ सगळे ग्लायकोजेन याच पेशींत साठवलेले असते आणि यकृताच्या मानाने हा साठा फारच लहान असतो. माणूस एकाएकी सावध होतो तेव्हा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे द्रव्य तारकापेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, बसते, त्यामुळे पेशीच्या आत चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, तो एका काइनेजला, म्हणजे फॉस्फेट बसवणाऱ्या विकराला, जागे करतो, ते विकर दुसऱ्याला जागे करते आणि अखेर ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या विकरावर एक फॉस्फेट गट बसतो. तो बसताच साठ्यातली साखर सुटू लागते. या सगळ्यात नवे विकर मुळीच तयार झालेले नसते. होते तेच कामाला लागलेले असते. इन्सुलिन नेमके उलट करते, म्हणजे ग्लायकोजेन बांधणाऱ्या विकराला मोकळीक देते. संप्रेरकांच्या कार्यपद्धतीवरील ज्या संशोधनातून चक्रीय एएमपी सापडले, त्यासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांवर फॉस्फेट बसवणे आणि काढणे ही नियंत्रणाची रीत उलगडल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना ते १९९२ साली देण्यात आले. त्यांचे मूळ काम यकृतावर आणि स्नायूंवर झाले होते, पण साखळी तीच आहे.

कॉर्टिसोलची वाट दुसरी आहे. हे संप्रेरक स्निग्ध स्वभावाचे असल्यामुळे पेशीच्या पडद्यातून आत शिरते, आतील ग्राहीला जोडले जाते आणि ती जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसते. ग्लुटामिन सिंथेटेजच्या जनुकाजवळ अशी जागा आहे. तेथून आरएनए लिहिला जातो, आरएनएवरून विकराचे प्रथिन तयार होते, आणि म्हणूनच हा परिणाम दिसायला काही तास, कधी दिवस लागतात.

आता ‘हे कळते कसे’ हा तुमचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षेत तो क्वचित विचारला जातो आणि संशोधनात मात्र पावलोपावली भेटतो. एखाद्या पेशीला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे बाहेरून दिलेले कॉर्टिसोलच, दिले आणि दोन दिवसांनी विकराची सक्रियता दुप्पट भरली, तर माग वाढले की बंद माग सुरू झाले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी पेशींना संप्रेरकाबरोबरच आरएनएचे लेखन थांबवणारे अ‍ॅक्टिनोमायसिन देऊन पाहतात. वाढ त्यामुळे अडली, तर नव्या विकराची निर्मिती होत होती असे म्हणायला आधार मिळतो. विकराचा कमाल वेग वाढलेला आहे, पण कच्च्या द्रव्याविषयीची त्याची ओढ, म्हणजे मायकेलिस स्थिरांक, तसाच आहे असे दिसले, तरी तोच निष्कर्ष बळकट होतो. शिवाय प्रतिपिंडांच्या साहाय्याने विकराचे प्रथिन प्रत्यक्ष मोजता येते.

कोंबडीच्या भ्रूणाच्या दृष्टिपटलावरील काम या विषयातले आदर्श उदाहरण आहे. तेथे ग्लुटामिन सिंथेटेज मूलर पेशींत असते, आणि त्या दृष्टिपटलातील आधारपेशीच आहेत. अंडे उबवायला ठेवल्यापासून सोळाव्या दिवसाच्या सुमारास हे विकर आपोआप झपाट्याने वाढते. परंतु त्याच्या कितीतरी दिवस आधी हायड्रोकॉर्टिसोन दिले तर ते वेळेआधीच वाढते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की याच दृष्टिपटलातील पेशी सुट्या करून विखरून ठेवल्या, तर त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. शेजारी चेतापेशी असल्या, त्यांचा स्पर्श असला, तरच मूलर पेशी त्या निरोपाचे पालन करतात. निरोप तोच असतो, पण शेजार बदलला की उत्तर बदलते.

ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे विकर असते. मेदद्रव्यांचा कणा ज्या रेणूवर उभा राहतो तो रेणू हे विकर पुरवते, आणि मायेलिन तर मेदानेच भरलेले असते. जिच्या निरोपावरून शरीरात कॉर्टिसोल तयार होते ती पियुषिका ग्रंथी उंदरांतून काढून टाकली की मेंदूतील हे विकर घटते आणि कॉर्टिसोल दिले की पुन्हा चढते, हे १९६०च्या दशकातच दाखवले गेले. त्याच दशकाच्या शेवटी उंदराच्या मेंदूतील गाठीपासून तयार केलेली सी-सिक्स ही पेशीमालिका उपलब्ध झाली आणि हा परिणाम काचेच्या बशीतही तपासता येऊ लागला.

वृद्धिघटकांचा प्रवेश येथे होतो. हे बहुधा प्रथिनांचे रेणू असतात, ते पेशीत शिरत नाहीत, तर पृष्ठभागावरील टायरोसिन काइनेज जातीच्या ग्राहींना जोडले जातात आणि आत फॉस्फेटची साखळी सुरू करतात. चेतावृद्धिघटकाच्या आणि त्वचावृद्धिघटकाच्या शोधासाठी रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृद्धिघटकांचा पहिला परिणाम बहुतेकदा पेशींच्या विभाजनावर होतो, आणि त्यामुळे मोजमापात एक सापळा तयार होतो. तुमच्या भाषेत सांगायचे तर वृद्धिघटकाने मागांबरोबर माग ठेवण्याची घरेही वाढवली. विकराची सक्रियता आपण सहसा प्रति मिलिग्रॅम प्रथिन अशी मांडतो. वृद्धिघटकाने एकूण प्रथिन दुप्पट केले आणि विकरही दुप्पट झाले, तर गुणोत्तर जसेच्या तसे राहते आणि ‘परिणाम नाही’ असे चुकीचे अनुमान निघते. विकर दीडपट झाले तर आकडा चक्क उतरलेला दिसतो. म्हणून असा कोणताही तक्ता वाचताना छेदस्थानी काय आहे, प्रथिन, डीएनए की पेशींची संख्या, हे आधी पाहावे. ही सवय तुम्ही आताच लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

दुसरी सावधगिरी पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याविषयीची आहे. पूर्वी त्यात गर्भावस्थेतील वासराचे रक्तजल घालत असत, आणि त्यात कोणकोणती संप्रेरके किती आहेत हे कोणालाच नेमके सांगता येत नसे. १९७९ साली बॉटनस्टाइन आणि सातो या संशोधकांनी इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, प्रोजेस्टेरोन, प्युट्रेसिन आणि सेलेनियम असे मोजून घातलेले, रक्तजल नसलेले द्रावण मांडले. पुढच्याच वर्षी मॅकार्थी आणि द व्हेलिस यांनी पेशींच्या बशा रात्रभर हलवून, चिकटून राहणाऱ्या तारकापेशींपासून वर बसलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी वेगळ्या करण्याची रीत दिली. या दोन गोष्टींनंतरच ‘अमुक संप्रेरकाने अमुक जातीच्या पेशीत अमुक विकर वाढले’ असे वाक्य खात्रीने लिहिता येऊ लागले. तरीही त्या द्रावणात इन्सुलिन दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे आपल्या रक्तातील प्रमाणाच्या हजारो पट. एवढ्या प्रमाणात ते स्वतःच्या ग्राहीबरोबर इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाच्या ग्राहीलाही जोडले जाते. बशीत दिसलेला परिणाम खरा असतो. परंतु तो इन्सुलिनचाच परिणाम आहे आणि शरीरातही तो तसाच घडतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

घरी मराठीत सांगून पाहण्याची तुमची रीत सोडू नका. दारात कन्नड, घरात मराठी आणि वर्गात इंग्रजी असे आपल्या सीमाभागातील मुलांचे शिक्षण होते. त्यात एखादी कल्पना आईला समजेल अशी मांडता आली, तर ती तुम्हाला पक्की समजली आहे असे खुशाल धरावे.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला राहतो. माझ्या नातीच्या टाचेतून जन्मानंतर रक्त घेऊन तपासले, तेव्हा तिची थायरॉइड ग्रंथी काम करत नाही असे निघाले आणि रोज एक गोळी सुरू केली. बाळ अंगाने चांगले आहे, दूध पिते, हसते. संप्रेरके मेंदूतल्या विकरांवर परिणाम करतात असे आपण लिहिले होते. मग एवढ्याशा जिवाला बाहेरून संप्रेरक दिल्याने मेंदूला अपाय तर होणार नाही? बाळ चांगले दिसते आहे तर गोळी काही दिवस थांबवून पाहावी का?

उत्तर : आजी, गोळी एक दिवसही थांबवू नये. आपली काळजी मी समजू शकतो. म्हणूनच त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

बाळाला जी गोळी दिली जाते तिच्यात थायरॉक्सिन असते, ज्याला टी-फोर म्हणतात. हे बाहेरचे, परके औषध नाही. निरोगी बाळाची ग्रंथी जे द्रव्य तयार करते तेच ते आहे. मेंदूला प्रत्यक्षात लागते ते टी-थ्री, आणि मेंदू त्यातले बरेचसे रक्तातून तयार घेण्याऐवजी स्वतः बनवतो. रक्तातून आलेले टी-फोर तारकापेशींत शिरते, तेथे डीआयोडिनेजचा दुसरा प्रकार म्हणून ओळखले जाणारे विकर त्यातील आयोडीनचा एक अणू काढून टाकते आणि तयार झालेले टी-थ्री शेजारच्या चेतापेशींना व ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींना मिळते. ज्यांना केवळ आधार देणाऱ्या म्हटले गेले त्याच पेशी मेंदूच्या वाट्याचे संप्रेरक घडवतात.

या विकराचे नियंत्रण फार सुंदर आहे. पेशीत त्याचे आयुष्य तासाभरापेक्षाही कमी असते, आणि टी-फोर भरपूर असेल तर ते आणखी लवकर मोडीत काढले जाते. टी-फोर कमी पडले की विकर मोडण्याचे काम मंदावते, ते अधिक काळ टिकते, आणि जे काही थोडे टी-फोर मिळते त्यातून मेंदू आपला वाटा राखतो. मात्र या बचावाला मर्यादा आहे. ग्रंथीच काम करत नसेल आणि टी-फोर जवळजवळ नसेलच, तर विकर कितीही वाढले तरी त्याला कापायला आयोडीन असलेला रेणूच मिळत नाही. आपल्या नातीच्या बाबतीत गोळी हा कच्चा माल पुरवते. त्यापासून किती टी-थ्री करायचे हे तिच्या मेंदूतील पेशी बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात.

तिच्या मेंदूत सध्या जे काम चालू आहे ते थांबवून ठेवता येण्यासारखे नाही. गर्भारपणाच्या उत्तरार्धात सुरू झालेले मायेलिनचे वेष्टन पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने गुंडाळले जाते. ज्यांच्यापासून ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होतात त्या कोवळ्या पेशींना रक्तबिंबिकांच्या (प्लेटलेटच्या) नावाने ओळखला जाणारा एक वृद्धिघटक ‘विभाजन चालू ठेवा’ असे सांगत असतो, तर टी-थ्री त्यांना ‘आता विभाजन पुरे, कामाला लागा’ असे सांगते. तो दुसरा निरोप वेळेवर मिळाला की पेशी पक्व होतात, त्यांच्यात मायेलिनसाठी लागणारी विकरे आणि प्रथिने वाढतात आणि चेतातंतूंवर वेष्टन चढते. प्रयोगशाळेत थायरॉइडची उणीव असलेल्या पिलांच्या मेंदूत ही सगळी साखळी रेंगाळलेली दिसते. उशिरा दिलेले संप्रेरक शरीराची वाढ बरीचशी भरून काढू शकते. मेंदूची गेलेली वेळ मात्र तेवढी भरून निघत नाही. उपचार जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत यासाठी डॉक्टर घाई करतात, ती याच कारणासाठी.

बाळ चांगले दिसते यातही नवल नाही. आईच्या रक्तातील टी-फोर वारेतून काही प्रमाणात बाळाला मिळत असते, त्यामुळे असा दोष असलेली बहुतेक बाळे जन्मतः अगदी इतर बाळांसारखीच असतात. जगभरात साधारणपणे दर दोन ते चार हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो, आणि भारतातील पाहण्यांत तो याहून अधिक आढळला आहे. टाचेतील रक्ताच्या त्या थेंबाने आपल्या नातीचे जे भले केले आहे त्याचे मोल मोठे आहे.

गोळी चमच्यात चुरून थोड्याशा आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून लगेच द्यावी. संपूर्ण वाटीभर दुधात मिसळू नये, कारण दूध उरले तर औषधही उरते. लोह किंवा कॅल्शियमचे औषध चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे आणि ते किती हे डॉक्टरांना विचारावे. बाळ वाढेल तसे गोळीचे प्रमाण बदलते, म्हणून ठरलेल्या तारखांना रक्त तपासावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यांची काय अवस्था होते हे आपल्याला सांगायला नको. जूनच्या आधीच पुरेशा गोळ्या आणून त्या मूळ वेष्टनात, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात, कारण ओल आणि उजेड या दोन्हींनी हे औषध निकामी होते. काही मुलांमध्ये तिसऱ्या वर्षानंतर ग्रंथी पुन्हा तपासण्यासाठी डॉक्टर आपल्या देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. तो निर्णय त्या वेळी आणि त्यांनीच घ्यायचा आहे.

प्रश्न : अथणीजवळच्या एका शाळेत मी शिक्षक आहे. काही पालक मुलांची स्मरणशक्ती वाढावी म्हणून ‘मेंदूच्या पेशींसाठी वृद्धिघटक’ असे सांगून विकली जाणारी भुकटी आणतात. तिचा आधारपेशींवर काही परिणाम होतो का?

उत्तर : नाही. वृद्धिघटक ही प्रथिने आहेत. पोटात गेल्यावर ती डाळीतल्या प्रथिनांप्रमाणेच पचून जातात. ती रक्तात पोचली असती, तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर इतक्या मोठ्या रेणूंना सहजासहजी आत सोडत नाही. आणि आत सोडले असते तर ते हितकारक ठरले असते असेही नाही. ग्लायोब्लास्टोमा या आधारपेशींच्या घातक कर्करोगात अनेकदा त्वचावृद्धिघटकाच्या ग्राहीचे जनुक अनेक पटींनी वाढलेले आढळते. ‘वाढा’ हा निरोप थांबेनासा झाला की काय होते याचे ते उदाहरण आहे. पालकांना हे आपण शिक्षक या नात्याने सांगावे आणि ते पैसे मुलांच्या रोजच्या जेवणावर खर्च करायला सुचवावे. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरले जाते ना, एवढे मात्र अवश्य विचारावे, कारण थायरॉक्सिन तयार व्हायला आयोडीन लागते.

प्रश्न : मी निपाणीचा आहे. माझ्या वडिलांना यकृताचा जुना विकार आहे. गेल्या महिन्यात ते असंबद्ध बोलू लागले, दिवस-रात्रीचे भान राहिले नाही. रुग्णालयात रक्तातील अमोनिया वाढल्याचे सांगितले आणि उपचारानंतर ते शुद्धीवर आले. कॉर्टिसोलमुळे अमोनिया काढून टाकणारे विकर वाढते असे मागील अंकात वाचले. मग त्यांना स्टेरॉइडची गोळी दिली तर मेंदूतील अमोनिया कमी होणार नाही का? आमच्या ओळखीतले एक जण सांधेदुखीसाठी ती गोळी घेतात आणि ती सहज मिळते.

उत्तर : ती गोळी वडिलांना कृपया देऊ नये. तुमचा तर्क सरळ आहे आणि तो आमच्याच लिहिण्यातून निघालेला आहे. म्हणून आधी आमच्या त्या लिहिण्यातील एक शब्द दुरुस्त करतो. ग्लुटामिनला आम्ही ‘निरुपद्रवी’ म्हटले होते. नेहमीच्या प्रमाणात ते तसे आहेही. अमोनियापासून युरिया बनवण्याचे संपूर्ण चक्र यकृतात चालते. मेंदूत ते पूर्ण नाही, म्हणून तेथे अमोनिया आवरण्याचा भार मुख्यतः तारकापेशींतील ग्लुटामिन सिंथेटेजवर पडतो. परंतु यकृत थकल्यामुळे अमोनियाचा लोंढा सतत येऊ लागला की त्याच पेशींत ग्लुटामिन साचत जाते, ते पाणी ओढून घेते आणि तारकापेशी फुगतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हे विकर रोखून धरल्यावर ही सूज कमी झालेली दिसली आहे. ते रोखणारे द्रव्य स्वतःच झटके आणणारे असल्यामुळे त्याचा औषध म्हणून उपयोग नाही. पण विकर जितके अधिक तितके बरे, हा हिशेब येथे लागू पडत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरे असे की स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखेच काम करणारे औषध, केवळ तारकापेशींशी बोलत नाही. बशीत एकच जातीच्या पेशी असतात; शरीरात तोच निरोप एकाच वेळी सर्वत्र पोचतो. स्नायूंना तो प्रथिने मोडण्यास सांगतो, आणि त्या मोडलेल्या प्रथिनांतील नायट्रोजन पुन्हा अमोनियाच्या रूपाने रक्तात येतो. शिवाय स्नायूंतही ग्लुटामिन सिंथेटेज असते आणि यकृत दुबळे झालेल्या माणसात अमोनिया टिपण्याचे मोठे काम तेच स्नायू करत असतात. ते झिजले तर मेंदूवरचा भार वाढतो. स्टेरॉइडमुळे संसर्गाचा धोका वाढतो, आणि संसर्ग हे तर असा भ्रम पुन्हा होण्याचे नेहमीचे कारण आहे. यकृताच्या काही ठरावीक आजारांत डॉक्टर स्टेरॉइड देतात हे खरे. तो उपचार त्या आजारावरचा असतो, अमोनियावरचा नव्हे. तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांनाही सांगावे की अनेक दिवस घेतलेली ती गोळी एकाएकी सोडू नये, कारण त्या काळात शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी केलेले असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

वडिलांना बहुधा लॅक्ट्युलोजचे पातळ, गोड औषध दिलेले असेल. ते आतड्यातील आम्लता वाढवते, त्यामुळे अमोनिया रक्तात शोषला न जाता शौचावाटे निघून जातो. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच होईल इतके ते घ्यायचे असते. त्याहून कमी वेळा झाली तर औषध अपुरे पडते आणि फार जुलाब झाले तर शरीरातील पाणी घटून तोच त्रास उलटतो. बद्धकोष्ठता, ताप, काळी शौच किंवा झोपेची वेळ उलटीपालटी होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. झोपेचे किंवा शांत करणारे कोणतेही औषध घरच्या घरी देऊ नये.

आणि त्यांचे जेवण तोडू नका. अशा रुग्णाची डाळ, दूध, अंडी बंद करण्याची पद्धत आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे; आता तसे सांगितले जात नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा आजचा सल्ला आहे, कारण स्नायू टिकले तर अमोनिया टिपणारे ते दुसरे ठिकाण टिकते. नेमके प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. रात्रभराच्या उपाशीपणातही स्नायू झिजतात, म्हणून झोपण्यापूर्वी त्यांना दूधभात, मुगाची खिचडी किंवा नाचणीची पेज असे काहीतरी थोडे खायला द्या, आणि सकाळी उठल्याबरोबर न्याहारीला उशीर करू नका.